वळताना स्पीडबोट घसरते आणि मग हिसका देते, ते का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही निसटलं असेल तर कळेल. गेल्या वर्षी तुम्ही एक वापरलेली १८ फुटी फायबर बोट घेतलीत. तिला ९० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन आहे. बोट दाभोळच्या खाडीत फिरवता, समुद्र निवांत असेल तर मुखाबाहेरही नेता. २० नॉटच्या (ताशी साधारण ३७ किलोमीटरच्या) पुढे ती डावीकडे छान वळते. उजवीकडे घेतली की इंजिन एकदम किंचाळतं, मागची बाजू सुटल्यासारखी घसरते आणि मग असा हिसका बसतो की परवा कडेवर बसलेले तुमचे मेहुणे पाण्यात जाता जाता वाचले. दोष बोटीचा की चालवणाऱ्याचा, आणि तळाला वाळूच्या गोण्या टाकल्या तर ती स्थिर होईल का, असं विचारलंय. जाता जाता एक वाक्य आहे की दिवाळीनंतर फिशफाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) बसवला, त्याचा सेन्सर इंजिनाच्या डाव्या बाजूला ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, लावलाय. मला सगळ्यात कामाचं वाक्य तेच वाटलं. त्याच्याकडे येतो.

गोण्यांचं आधी मिटवू: नको. जुनी माणसं गलबतात नीरम, म्हणजे तोल राखायला तळाशी वजन, भरायची, पण ती शिडाची, पाणी कापत सावकाश जाणारी जहाजं. तुमची बोट २० नॉटला पाण्याच्या वर उचलली जाते, तळाचा मागचा थोडा भाग तेवढा पाण्याला टेकलेला असतो. त्या अवस्थेत गोण्यांचं वजन तिला शांत करत नाही. उलट तिरकी झाली की गोणी सरकते, आणि नको त्या क्षणी नको त्या बाजूला जाऊन बसते. पुढे ठेवली तर नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दबते, आणि वेगात नाळ दबणं ही वेगळीच आफत आहे.

आता मूळ गोष्ट. बोट वळते कशी, हे नीट डोळ्यापुढे आलं तर बाकीचं बरंचसं तुमचं तुम्हालाच उलगडेल.

गाडी वळते तेव्हा पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग त्यांच्या मागून येतो. बोटीचं उलटं आहे. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की इंजिन मागच्या बाजूला डावीकडे ढकलतं, म्हणून नाळ उजवीकडे बघू लागते. पण बोट लगेच उजवीकडे जात नाही. ती तोंड उजवीकडे करून काही क्षण जुन्याच दिशेने, अर्धवट आडवी घसरत राहते. त्या घसरण्यात तळ पाण्याला अडवतो, आणि त्या अडवण्यातून वळण तयार होतं. म्हणजे थोडी घसरण हा वळणाचाच भाग आहे. ती सुरळीत, एकसारखी असेल तर बसलेल्यांना कळतही नाही.

दुसरी गोष्ट कलण्याची. घाटात एसटी वळणावर बाहेरच्या बाजूला कलते, म्हणून नव्या माणसाला वाटतं की बोट आतल्या बाजूला कलली म्हणजे उलटणार. मी शिकवायला बसलो की दहातले आठ जण इथेच घाबरून थ्रॉटल (वेगाचा दांडा) मागे ओढतात. खरं तर आत कलणं हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण आहे. उभ्या माणसाच्या पायाखालची सतरंजी एका बाजूला खेचली तर माणूस दुसऱ्या बाजूला पडतो ना, तसंच हे. इंजिनाचा रेटा पाण्याखाली, अगदी खालून बसतो, वजन मात्र वर असतं. खालचा भाग बाहेर ढकलला जातो, वरचा भाग आत झुकतो.

तुमच्या बोटीचा तळ इंग्रजी व्ही अक्षरासारखा आहे, हे इथे फार उपयोगी पडतं. समजा तळाच्या दोन्ही बाजू पठाणापासून (तळाच्या मधल्या कण्यापासून) १८-२० अंशांनी वर चढतात. बोट उजव्या वळणात तेवढीच उजवीकडे कलली की तळाची उजवी बाजू जवळजवळ सपाट होते आणि बोट तिच्यावर टेकते. डावी बाजू त्याच वेळी ४० अंशांच्या आसपास उभी राहते आणि भिंतीसारखी पाण्याला अडवते. बसायला पाट आणि टेकायला भिंत, दोन्ही एकदम मिळतं. रे हंट या अमेरिकन रचनाकाराने २४ अंशांच्या खोल व्ही तळाची बोट काढली आणि १९६० मध्ये 'मॉपी' ही तसल्या तळाची बोट मायामी ते नासाऊ ही खवळलेल्या पाण्यातली शर्यत जिंकली, तेव्हापासून वेगवान बोटींचे तळ जगभर असे होत गेले. आपल्याकडच्या मासेमारीच्या बऱ्याच फायबरींचे तळ मात्र बरेच सपाट असतात. त्या कमी वेगात, जाळं ओढताना, माणसं एका बाजूला आली तरी डगमगत नाहीत, पण वेगात वळवल्या की टेकायला भिंत नसते. त्या ताटासारख्या आडव्या घसरत जातात. घसरता घसरता बाहेरच्या बाजूची तळाची कड, जिला चाईन म्हणतात ती, पाण्यात रुतली की बोट बाहेरच्या बाजूला फेकली जाते. चालत्या माणसाचा पाय उंबऱ्याला लागावा तसं. वेगात वळताना उलटलेल्या ज्या छोट्या बोटी मी पाहिल्या, त्यातल्या बहुतेक अशा ठेचकाळून उलटल्या होत्या. नुसतं फार कलून उलटलेली मला आठवत नाही.

तेव्हा घसरण्याला घाबरू नका. घसरत असलेली बोट अचानक पकडते, त्या क्षणाला घाबरा. तुमच्या मेहुण्यांना जो हिसका बसला तो याच जातीचा.

थोडा हिशेब करू. २२ नॉट म्हणजे ताशी साधारण ४१ किलोमीटर. त्या वेगात २५ मीटर त्रिज्येचं वळण घेतलं तर बाजूला ओढणारा जोर वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त होतो. ८० किलोच्या माणसाला कोणीतरी ४० किलोने बाहेर खेचल्यासारखं वाटतं. बोट २७-२८ अंश आत कललेली असेल तर तो जोर माणसाला सीटमध्ये दाबतो, आणि म्हातारी माणसंसुद्धा हातातला चहा न सांडता बसतात. तीच बोट त्या वळणात क्षणभर सपाट झाली, तर ते ४० किलो सरळ आडवे लागू होतात. वेग दुप्पट केलात आणि वळण तेवढंच ठेवलंत तर जोर चौपट होतो, हेही ध्यानात असू द्या. ११ नॉटला ज्या वळणात गंमत वाटते, तेच वळण २२ नॉटला घेतलं तर माणूस फेकला जातो.

आता तुमचं इंजिन किंचाळतं ते. बरेच मेकॅनिक याला कॅव्हिटेशन म्हणतात. तो शब्द चुकीचा आहे, पण भांडण्यात अर्थ नाही. आमच्याकडे म्हणतात, पंखा हवा खातो. प्रोपेलरला घट्ट पाणी हवं असतं. वळणात बोट तिरकी झाली आणि पृष्ठभागावरची हवा खाली ओढली गेली की पंखा फेसात फिरू लागतो. भार गेल्यामुळे ४५०० वर असलेले आरपीएम क्षणात ६००० च्या घरात जातात, तीच तुमची किंकाळी. त्याच क्षणी पुढे ढकलणारा जोर जातो, मागची बाजू बाहेर ढकलणारा जोरही जातो. सतरंजी खेचणारा हातच सुटला, म्हणून आत कललेली बोट सरळ व्हायला लागते. स्टिअरिंग मात्र तुम्ही तसंच पूर्ण फिरवून धरलेलं, थ्रॉटलही तसाच. वेग थोडा उतरला, फेस निघून गेला, पंख्याला पुन्हा घट्ट पाणी मिळालं, की ९० हॉर्सपॉवर एका झटक्यात आडवे लागतात. मागची बाजू फाडकन बाहेर जाते, बोट पुन्हा आत आपटते. उजव्या वळणात माणसं डावीकडे फेकली जातात. मेहुणे डाव्या कडेवर बसले होते, बरोबर? तुम्ही लिहिलं नाहीत, पण दुसरी बाजू असणं कठीण आहे.

मग डावीकडे सगळं ठीक आणि उजवीकडेच हे का? इथे तुमचा फिशफाइंडर येतो. उजव्या वळणात बोटीची शेपटी डावीकडे घसरते, म्हणजे बोटीच्या हिशेबाने पाणी डावीकडून उजवीकडे तिरकं वाहतं. इंजिनाच्या डाव्या बाजूला ट्रान्समवर लावलेल्या सेन्सरने आणि त्याच्या ब्रॅकेटने पाण्यात उठवलेला फेस सरळ जाताना पंख्याच्या बाजूने निघून जातो. उजवीकडे वळलात की तोच फेस तिरका वाहत थेट पंख्यावर येतो. डाव्या वळणात तो पंख्यापासून लांब जातो. तुमचा त्रास दिवाळीच्या आधी होता का, हे तुम्ही सांगितलेलं नाही, पण मी पैज लावायला तयार आहे की नव्हता. सेन्सर इंजिनापासून निदान दीड-दोन फूट लांब सरकवा, आणि त्याचा खालचा भाग तळाच्या कडेशी जेमतेम बरोबरीत ठेवा. जुनी भोकं चांगल्या मरीन सीलंटने बुजवा, नाहीतर ट्रान्समच्या आतलं लाकूड पाणी पिऊन कुजेल, आणि तो खर्च फिशफाइंडरच्या दसपट आहे.

त्यानंतरही हवा खाणं थांबलं नाही तर इंजिनाची उंची बघा. बोट ट्रेलरवर असताना इंजिन सरळ खाली करा. तळाच्या मधल्या रेषेला एक लांब सरळ पट्टी लावा आणि ती मागे इंजिनापर्यंत आणा. पंख्याच्या वर जी आडवी पातळ पत्र्यासारखी प्लेट असते, जिला कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती या पट्टीच्या पातळीत किंवा फार तर इंचभर वर असावी. वापरलेल्या बोटीत बरेचदा इंजिन नंतर बदललेलं असतं, आणि २० इंची शाफ्टचं इंजिन त्याहून उंच ट्रान्समवर टांगलेलं सापडतं. तसं असेल तर सरळ जाताना काही कळत नाही, वेग उलट थोडा जास्तच मिळतो, आणि वळणावर बोट घात करते. इंजिनाच्या ब्रॅकेटला पाऊण-पाऊण इंचावर भोकं असतात. एक भोक खाली घेऊन बघा. पंख्याची पाती वाकलेली किंवा कडेला चावलेली असतील तर तेही बघून घ्या. दाभोळच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, त्यामुळे पाती शाबूत असतील असं मी गृहीत धरणार नाही.

पंख्याच्या वर एक आडवं पंखासारखं फिन लावतात, वळणात पकड येते म्हणून दुकानदार विकतो. काहींना त्याने फरक पडतो. मला ते आवडत नाही. ते मागची बाजू उचलतं, म्हणजे नाळ दाबतं, आणि चुकीची उंची झाकून टाकतं. आधी उंची बरोबर करा.

इथपर्यंत बोटीचा दोष झाला. आता चालवणाऱ्याचा, कारण निम्मा तोही आहे.

वळण बिघडतं ते बहुतेक वेळा स्टिअरिंगला हात लावायच्या आधीच. वेग किती, ट्रिम (इंजिनाचा आत-बाहेर कल) कुठे, माणसं कुठे बसलीत, या तिन्ही गोष्टी तेव्हाच ठरलेल्या असतात. वळणाआधी थ्रॉटल थोडा कमी करा आणि मग तो तिथेच धरून वळा. वळता वळता बोट स्वतःच वेग उतरवते, तेव्हा हलका थ्रॉटल वाढवावा लागला तर वाढवा. वळणाच्या ऐन मध्यावर थ्रॉटल पूर्ण ओढणं ही सगळ्यात वाईट सवय. एकदम ओढलात की नाळ धपकन खाली बसते, तळाचा पुढचा धारदार भाग पाण्यात रुततो आणि तोच सुकाणू बनतो. मागचा भाग हलका होऊन त्याच्याभोवती फिरतो. बोट तुम्ही मागितलं त्यापेक्षा कितीतरी जास्त, झटक्यात वळते. याला हुक होणं म्हणतात. हवा खाल्ली म्हणून घाबरून थ्रॉटल ओढला की एका संकटातून तुम्ही दुसऱ्यात जाता.

ट्रिमचंही तसंच. सरळ जाताना इंजिन बाहेरच्या बाजूला उचलून नाळ वर ठेवलेली असते, त्यात वेग मिळतो आणि पेट्रोल वाचतं. तसंच वळलात तर पंखा पृष्ठभागाजवळ असल्यामुळे हवा खाणारच. वळणाआधी ट्रिम थोडा आत घ्या. थोडा म्हणजे थोडाच. पूर्ण आत घेतलात तर नाळ दबते आणि पुन्हा हुकची गाठ. तुमच्या बोटीचं बरोबर ठिकाण गेजवर दिसणार नाही, सरावाने हाताला कळेल.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते मालवणच्या दांडी किनाऱ्यावरचे म्हातारे तांडेल (नाखवा). गेज बघण्याचा त्यांना राग. मागे उभे राहून म्हणायचे, "ढुंगणाक हलक्या लागला की हात ढिलो सोड." पंखा हवा खायच्या आधी अर्धा सेकंद सीट खरंच हलकी होते. आतापर्यंत तुम्हाला सीटमध्ये दाबणारा जोर सैल पडतो, पाण्याचा खरखरीत आवाज एकदम मऊ होतो, आणि मग इंजिनाचा सूर चढू लागतो. त्या अर्ध्या सेकंदात स्टिअरिंग दोन बोटं सरळीकडे सोडायचं आणि थ्रॉटल बोटभर मागे घ्यायचा, दोन्ही एकदम. पंखा हळूच पकडतो, हिसका बसत नाही, वळण थोडं मोठं होतं एवढंच. किंकाळी कानावर यायची वाट पाहिलीत तर उशीर झालेला असतो.

माझ्यावर पाळी आली ती वेगळ्याच कारणाने, आणि चूक सगळी माझी. देवबागला कर्लीच्या संगमाजवळ, १६ फुटी उघडी फायबर, ४० हॉर्सपॉवर. सकाळी तळाच्या भोकाचं बूच नीट बसलंय का ते न बघता निघालो. तळाच्या फळ्यांखाली पाणी भरत होतं, वरून काही दिसत नव्हतं. बोट जड वाटत होती. मी समजलो, पेट्रोल भरल्यामुळे असेल. जाळ्याचा थर्माकोलचा बोया एकदम समोर आला म्हणून डावीकडे झटका दिला. बोट कलली, आणि फळ्यांखालचं ते सगळं पाणी धावत डाव्या बाजूला गेलं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन, तेही नेमकं जिकडे बोट पडतेय तिकडे पळणारं. ती कडेवर उभीच राहिली. सरळ होईना, उलटेना. दोन सेकंद असतील. कडेवर बसलेला मदतनीस पोरगा पाण्यात गेला, मी थ्रॉटल सोडला, बोट हळूहळू सावरली. पोराला काही झालं नाही. त्याच्या आईला सांगायला मला चार दिवस लागले.

तेव्हापासून बूच मी स्वतः हाताने बघतो, आणि वापरलेली बोट घेणाऱ्याला सांगतो की ती वजनकाट्यावर चढवा. फळ्यांखाली भरलेला फोम वर्षानुवर्षं पाणी पीत राहतो, आणि कुठेही न दिसणारं शे-दोनशे किलो वजन बोटीत कायमचं वस्तीला येतं. तुमचीही एकदा तोलून बघा.

बोयाचं बोललो, कारण कोकणात वेगातली झटक्याची वळणं बहुतेक त्याच्यामुळेच घेतली जातात. पुढे नजर ठेवली तर झटका द्यावाच लागत नाही. दुपारी खारा वारा सुटला की लहान लाटांत बोया दिसत नाही, त्या वेळी वेग दृष्टीच्या हिशेबाने ठेवा. आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटीची लाट ओलांडताना वळू नका. सरळ व्हा, लाट कापून घ्या, मग वळा. कललेल्या अवस्थेत लाट बाहेरच्या बाजूखाली आली तर भिंतच उचलली जाते. पूर्ण गोल फिरलात तर तुमचीच लाट तुम्हाला आडवी येते, हे नवे लोक हमखास विसरतात.

माणसांच्या बसण्याबद्दल मी वाद घालत नाही. बोट पाण्यावर उचलली गेली की कडेवर कोणीही नाही, नाळेत कोणीही नाही, उभं कोणीही नाही. ७० किलोचा माणूस कडेवर बसला म्हणजे मधल्या रेषेपासून अडीच-तीन फुटांवर आणि वरही, दोन्हीकडून वाईट. वळणापूर्वी मोठ्याने सांगा, "उजवीकडे वळतोय, धरा." किनाऱ्यावर बनाना राईडवाले मुद्दाम झटका देऊन पर्यटकांना पाण्यात पाडतात, ते बघून लोकांना वाटतं की झटका हा खेळाचा भाग आहे. तिथे पडणारे लाईफ जॅकेट घालून, पंख्यापासून दोरभर लांब, रबराच्या केळ्यावरून पडतात. तुमच्या बोटीतून पडणारा पंख्याच्या शेजारी पडतो.

म्हणूनच किल कॉर्ड. ती लाल गुंडाळीची दोरी, एक टोक स्विचमध्ये, दुसरं मांडीला किंवा मनगटाला. तुमच्या पत्रात तिचा उल्लेखच नाही. चालवणारा स्टिअरिंगपासून फेकला गेला की ती निघते आणि इंजिन बंद पडतं. ती लावलेली नसेल तर बोट थांबत नाही. पंख्याच्या फिरण्यामुळे मोकळं सुटलेलं स्टिअरिंग एका बाजूला, बहुधा उजवीकडे, ओढलं जातं आणि बोट गोल गोल फिरत पडलेल्या माणसावरच परत येते. इंग्लंडमध्ये २०१३ च्या मे महिन्यात पॅडस्टोजवळ कॅमल नदीच्या मुखात नेमकं हेच झालं. जेमतेम आठ मीटरची हवा भरलेल्या नळ्यांची वेगवान बोट, घट्ट वळण, सहा जणांचं अख्खं कुटुंब पाण्यात. किल कॉर्ड लावलेली नव्हती. बोट फिरत त्यांच्यावर येत राहिली, वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली, आई आणि लहान मुलगा जबर जखमी झाले. दुसऱ्या बोटीतल्या एकाने फिरत्या बोटीवर उडी मारून ती थांबवली. त्या बोटीला नळ्या होत्या, ती उलटलीही नव्हती. बोट स्थिर राहिली तरी माणसं बोटीत राहतील याची खात्री नसते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान बोटी वेगात असताना चालवणाऱ्याने हा स्विच जोडलेला असणं कायद्याने सक्तीचं झालंय. आपल्याकडे कोणी विचारत नाही, म्हणून मी विचारतो.

सेन्सर हलवल्यावर बोट तपासून बघा, पण ती कशी ते सांगतो. अमेरिकेच्या नियमांत १३ फुटांपर्यंतच्या बोटींसाठी एक चाचणी आहे: स्टिअरिंग अर्ध्या सेकंदात अर्धा फेरा फिरवायचं, आणि ताबा न जाता बोट काटकोनात वळली पाहिजे. हळूहळू वेग वाढवत शेवटी पूर्ण वेगात. ती चाचणी तुम्ही करू नका, ती सराईत माणसांसाठी आहे. पण वेग पायरीपायरीने वाढवायची तिची रीत घ्या. सकाळी, वारा सुटायच्या आधी, भरतीला, खाडीचा रुंद भाग बघून, फेरीच्या वाटेपासून आणि जाळ्यांपासून लांब. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाच्या चाचणीवर असलेली नौदलाची वेगवान बोट ताबा सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जीव गेले. चाचणी आणि प्रवासी एका पाण्यात नकोत. बोटीत दोघंच, दोघांना लाईफ जॅकेट, किनाऱ्यावर एकाला सांगून ठेवलेलं. १४ नॉटपासून सुरुवात, डावीकडे एक मोठं वळण, उजवीकडे एक. मग दोन-दोन नॉट वाढवत. स्टिअरिंग सावकाश फिरवा, फक्त वेग बदला, एका वेळी दोन गोष्टी बदलू नका. ज्या वेगाला उजवीकडे सीट हलकी लागते तो आकडा लिहून ठेवा, थांबा आणि परत या. सेन्सर हलवायच्या आधी एकदा आणि नंतर एकदा असं केलंत तर दोष कुठे होता ते तुमच्याच वहीत दिसेल. आकडा बदलला नाही, तर इंजिन एक भोक खाली, आणि पुन्हा तेच.

चालवायचं रीतसर शिकायचं असेल तर गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत पॉवरबोटीचे अभ्यासक्रम असतात. दाभोळहून जायला यायला त्रास आहे, पण तिथे दुसऱ्याची बोट घसरवायला मिळते.

निघण्यापूर्वी धक्क्यावर, इंजिन चालू असताना, किल कॉर्ड एकदा ओढून बघा. जुन्या बोटींत खाऱ्या हवेने स्विचच आतून गंजलेला असतो, दोरी निघते आणि इंजिन चालूच राहतं. तुमचा तसा निघाला तर त्या दिवशी बोट सोडू नका, स्विच बदलूनच निघा.